चार केबी

पहाटे लॉग वाचतो आहे.
उलानबातरला उणे एकतीस,
खिडकीच्या आतल्या काचेवरही बर्फाची जाळी,
आणि पडद्यावर एकाच फोनच्या अकरा ओळी :
वापरकर्ता – नारमंदाख, पशुवैद्य.
फाइल – घोडी, पुढचा डावा पाय.
आकार – चार केबी. चार केबी. चार केबी.
अकरा वेळा.

एक्स-रे कधी चार केबीचा नसतो.
चार केबीत मावतं फक्त
नाव लिहा, पासवर्ड लिहा, आत या.
एवढंच एक पान.

म्हणजे ती फाइल मागत होती
आणि माझं अ‍ॅप तिला दर वेळी
दारच उचलून देत होतं,
वर नाव मात्र फाइलचंच,
खाली हिरवी खूण : डाउनलोड पूर्ण.

चूक माझी. कळायला चहा निवेपर्यंतचा वेळ लागला.
पासवर्ड ती बरोबर देत होती,
सर्व्हर तिला ओळखतही होता;
पण सामान आणायला मी पाठवलेला हरकाम्या वेगळा,
त्याच्या हातात चिठ्ठीच दिली नव्हती मी.
तो उंबऱ्याशी जायचा,
सर्व्हर सभ्यपणे म्हणायचा, आधी नाव सांगा,
आणि हा बावळट तेच वाक्य
पिशवीत भरून परत यायचा.
सरळ नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.
नाहीला निदान लाल अक्षरं असतात.

वेळा पाहतो : चार बावन्न ते सहा दहा.
त्या तालुक्यात नेट फक्त टेकडीवर, ओवोच्या दगडांपाशी,
मला ठाऊक आहे, मी पलीकडच्याच खोऱ्यातला.
अठ्ठ्याहत्तर मिनिटं
एक हातमोजा दातांत धरून
ती टाइप करत होती, मीच सक्तीचं केलेलं
एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह.
दगडांवरच्या निळ्या खादागी फडफडत असणार,
थंडीनं बॅटरी बसत चाललेली,
आणि खाली
कुणीतरी घोडीचं डोकं धरून उभं.

माझ्या मामाच्या गेरला कुलूप नव्हतं.
नमद्याच्या भिंतीला कुलूप लावून करायचं काय?
परका स्वार लांबूनच ओरडायचा : कुत्रं धरा!
तोच पासवर्ड. सगळ्या माळरानाला एकच,
सगळ्यांना माहीत, कुणी कधी न बदललेला.
मामा नाव विचारायच्या आधी
खारट दुधाचा चहा ओतायचा.
त्या मामाचा भाचा मी,
पोटासाठी दारं बनवतो.

सातला फोन लावला. तिसऱ्यांदा लागला.
म्हटलं, बाई, मी अ‍ॅपवाला.
दुरुस्ती दोन ओळींची आहे, पण नवी आवृत्ती
तुमच्यापर्यंत यायला तीन दिवस.
ती हसली नाही, रागावलीही नाही.
'तीन दिवस घोडी राहणार नाही,' म्हणाली,
'रात्रीच सुरीला धार लावून झालीय इथे.
तुमच्याकडे उघडते ना फाइल? मग वाचा.'

नियमात बसत नाही हे.
वाचलं.
नळीच्या हाडाला केसाएवढी चीर. सांधा शाबूत.
मारू नका. सहा आठवडे बांधून ठेवा.

तिचा फोन छताच्या काठीला दोरीनं टांगलेला,
बोलण्यापुरती रेंज तिथेच मिळते.
आवाज तुटत होता, म्हणून
मी एक वाक्य वाचायचो, ती ते मोठ्यानं म्हणायची,
आणि तिच्यामागून एक म्हातारा आवाज,
'केसाएवढी,'
आणि थोड्या वेळानं, कुणालाच उद्देशून नाही,
'केसाएवढी.'

मग कुत्री भुंकली. तीन तरी असतील.
लांबून कुणीतरी ओरडलं, तेच.
'थांबा हं, कुणी आलं वाटतं,' म्हणत ती बाहेर गेली.
दोरीवर मी लटकत राहिलो :
चुलीचं पत्र्याचं झाकण, वाट्या,
एक नवा आवाज, खोकला, घोडी कशी आहे.

मी दोन ओळी लिहायला घेतल्या.
फोन कापला नाही.